तळटिपेची साक्ष

प्रबंध सादर करायची तारीख जवळ आली, की अमरावती-अकोल्याच्या संशोधक विद्यार्थ्यांत एकच प्रश्न फिरू लागतो : "किती टक्के आली?" टक्के म्हणजे सिमिलॅरिटीचे. आपला मजकूर इतरांच्या मजकुराशी किती जुळतो, हे संगणकाने मोजून दिलेला आकडा. तो दहाच्या आत आला, की जीव भांड्यात पडतो. मग डावीकडचा समास बाईंडिंगसाठी पुरेसा सोडला आहे का, ओळींतले अंतर दीडपट आहे का, प्रकरणाचे नाव मधोमध आले का, याची धावपळ. मग बाईंडिंगवाल्याकडे रेक्झिनचा रंग आणि सोनेरी अक्षरे. या सगळ्या गडबडीत एक प्रश्न फार क्वचित विचारला जातो : तळटिपेत जे पुस्तक आणि जे पान लिहिले आहे, ते उघडले तर तिथे ती गोष्ट खरोखर सापडते का?

माझ्या मते प्रबंधाच्या बाबतीत हाच पहिला प्रश्न आहे आणि बाकीचे सगळे त्याच्या मागून येणारे. संदर्भ ही साक्ष आहे. हे मला कोणी सांगितले, मी ते कुठे पाहिले, आणि वाचणाऱ्याला माझ्यावर विश्वास नसेल तर त्याने कुठे जाऊन पाहावे, या तीन गोष्टींचे उत्तर म्हणजे तळटीप. आपण तिला शिस्तीची बाब करून टाकले. स्वल्पविराम कुठे आणि पूर्णविराम कुठे, एवढ्यापुरती ती उरली. वऱ्हाडात तर याचे नुकसान दुप्पट आहे, कारण इथल्या ज्ञानाचा मोठा भाग अजून माणसांच्या तोंडी, जुन्या मराठी पुस्तकांत आणि चार शहरांत विखुरलेल्या दप्तरांत पडून आहे. तिथवर पोचण्याची वाट प्रबंधानेच दाखवली नाही, तर दुसरे कोण दाखवणार?

टक्केवारीपासून सुरुवात करू. विद्यापीठ अनुदान आयोगाने जुलै २०१८ मध्ये वाङ्मयचौर्य रोखण्यासाठी विनियम काढले. त्यात पायऱ्या आहेत. दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. दहा ते चाळीस टक्के साम्य आढळले तर सहा महिन्यांच्या आत प्रबंध दुरुस्त करून द्यायचा. चाळीस ते साठच्या दरम्यान असेल तर वर्षभर सुधारित प्रबंध सादर करता येत नाही. साठच्या वर गेले तर नोंदणीच रद्द. अवतरणचिन्हांत श्रेय देऊन घेतलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश हे मोजणीतून वगळलेले आहेत. सर्वसामान्य माहितीची किंवा योगायोगाने जुळणारी सलग चौदा शब्दांपर्यंतची जुळणीही वगळलेली आहे. हे विनियम यायला हवेच होते. पानेच्या पाने उचलून पदव्या घेतल्या जात होत्या आणि त्याला कुठे अटकाव नव्हता. संशोधन सर्वांसमोर यावे म्हणून शोधगंगा या ऑनलाइन भांडारात प्रबंध ठेवण्याची सक्ती आयोगाच्या २००९ च्या नियमांनी केली, ती तर मी मोठीच सुधारणा मानतो. अमरावतीच्या ग्रंथालयात बंद कपाटात पडलेला प्रबंध आता गडचिरोलीतला विद्यार्थी घरी बसून वाचू शकतो.

पण यंत्र मोजते काय, ते नीट समजून घेतले पाहिजे. ते अक्षरांची जुळणी मोजते. कल्पना कोणाची, पुरावा कोणी शोधला, ते त्याला कळत नाही. एखाद्याने दुसऱ्याच्या परिच्छेदातल्या 'शेतकरी'चा 'कास्तकार' केला, कर्तरी वाक्य कर्मणी केले, दोन वाक्यांची जागा बदलली, की साम्य खाली येते आणि चोरी तशीच राहते. उलट एखाद्या प्रामाणिक विद्यार्थिनीने कायद्याचे कलम किंवा सरकारी निर्णयाची भाषा जशीच्या तशी दिली, की तिच्या पानावर लाल खुणा पडतात आणि ती घाबरून मूळ शब्द बदलू लागते. शासन निर्णयाचे शब्द बदलणे म्हणजे पुरावाच बदलणे. टक्क्यांच्या भीतीने हे घडते, आणि ते बरोबर आहे असे समजून घडते.

मराठीच्या बाबतीत अडचण आणखी खोल आहे. वर्षानुवर्षे आपले प्रबंध कृतिदेव, श्रीलिपी अशा जुन्या फॉन्टांत टाइप झाले. डोळ्यांना मराठी दिसते, पण संगणकाच्या पोटात रोमन अक्षरे असतात. कृतिदेवात 'मराठी' हा शब्द म्हणजे ई, जे, के, बी, एच ही पाच अक्षरे. वरचा फॉन्ट काढला, की उरतो तो हा अर्थहीन गोळा. अशी फाइल तपासणीला दिली तर यंत्र त्या गोळ्याची तुलना जगभरातल्या मजकुराशी करते आणि जवळपास काहीच जुळत नाही. युनिकोडचा आग्रह आता वाढला आहे, हे चांगले आहे. पण ज्या मूळ मराठी पुस्तकांतून मजकूर उचलला जातो, ती १९५०, १९६० ची पुस्तके शोधता येईल अशा रूपात संगणकावर नाहीतच. जे तिथे नाही त्याच्याशी साम्य कसे निघणार? म्हणून मराठी प्रबंधाला 'तीन टक्के' असे प्रमाणपत्र मिळाले, तर त्यावरून त्या प्रबंधाबद्दल फारसे काही कळत नाही.

जर्मनीत २०११ साली काय झाले ते आठवावे. संरक्षणमंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांच्या कायद्याच्या प्रबंधात उसनवारी आहे असे उघड झाल्यावर अनेक वाचकांनी एकत्र येऊन त्याचे एकेक पान मूळ लेखांशी ताडून पाहिले आणि सगळे लोकांसमोर मांडले. बायरॉयट विद्यापीठाने फेब्रुवारीत पदवी काढून घेतली आणि १ मार्चला मंत्र्यांनी राजीनामा दिला. तिथे चोरी पकडली ती वाचणाऱ्यांनी. संदर्भ तपासायला माणूसच लागतो, आणि माणसाला तपासता यावे म्हणूनच संदर्भ द्यायचा असतो.

या कामाचा आपल्याकडचा सर्वांत मोठा दाखला अमरावती जिल्ह्यातच आहे, आणि तो तेराव्या शतकातला आहे. मोर्शी तालुक्यातले रिद्धपूर. महानुभाव पंथाचे प्रवर्तक श्रीचक्रधर स्वामी निघून गेल्यावर त्यांचे अनुयायी, त्यांचे गुरू श्रीगोविंदप्रभू यांच्या सान्निध्यात इथे जमले. नागदेवाचार्य स्वामींच्या आठवणी काढत बसत. त्या अनुयायांतल्या म्हाइंभटांना वाटले, की या लीळा कोणी टिपून ठेवल्या नाहीत तर पाहणाऱ्यांबरोबरच त्या जातील. मग त्यांनी काय केले? एका ठिकाणी बसून ऐकीव गोष्टी रचल्या नाहीत. ज्याने जे पाहिले त्याच्याकडे ते गेले. स्वामींबरोबर कोण चालत होते, कोण जेवायला होते, कोणाशी बोलणे झाले, त्या त्या माणसाला विचारले. त्यात पंडित होते तशा साध्यासुध्या बायाही होत्या. बाइसा, महदाइसा यांच्यासारख्या स्त्रिया या ग्रंथात पात्र म्हणून येतात, आणि त्यांच्याच वर्तुळाच्या आठवणींवर ग्रंथ उभा आहे. गोळा झालेले नागदेवाचार्यांकडून तपासून घेतले गेले. रिद्धपूरच्या वाजेश्वरीला हे लेखन झाले असे परंपरा सांगते. 'लीळाचरित्र' हा मराठीतला पहिला मोठा गद्य ग्रंथ असा उभा राहिला.

त्याची मांडणी पाहा. लीळा कोणत्या गावी घडली, कोणत्या देवळात, सोबत कोण होते, हे जवळपास प्रत्येक ठिकाणी येते. पुढे महानुभावांनी 'स्थानपोथी' नावाचा वेगळा ग्रंथच केला, ज्यात स्वामी कुठे कुठे राहिले त्या जागांची वर्णने आहेत. कोणीही जाऊन पाहावे इतकी नेमकी. आजच्या भाषेत ही स्थळांची सूची झाली.

पुढची गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. चौदाव्या शतकाच्या सुरुवातीच्या धामधुमीत मूळ पोथी हरवली, अशी पंथाची आठवण आहे. मग ज्यांना ती पाठ होती त्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करण्यात आली. हिराइसेचा पाठ, रामेश्वरबासांचा पाठ, परशरामबासांचा पाठ अशी नावे परंपरेत टिकली, ती यामुळे. दोघांच्या आठवणीत फरक पडला तर दोन्हींची मोट बांधून तिसरेच वाक्य करायचे, असे झाले नाही. फरक पाठभेद म्हणून नोंदला गेला, कोणाच्या स्मरणाप्रमाणे तेही सांगितले गेले. या पोथ्यांचे ढीग ताडून वि. भि. कोलते यांनी 'लीळाचरित्रा'ची जी संपादित आवृत्ती केली, ती महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७८ साली प्रसिद्ध केली. कोलते वऱ्हाडातलेच, बुलढाणा जिल्ह्यातल्या मलकापूर भागातले. पाठभेद नोंदून ठेवणारी माणसे मधे नसती तर कोलत्यांच्या हाती ताडायला काही उरले नसते.

कोणी म्हणेल, की ही भक्ती होती, संशोधन नव्हे. मान्य आहे. पण ज्या भक्ताला स्वामींचा शब्द पवित्र वाटतो, त्याला त्यात आपला शब्द मिसळण्याचा अधिकार राहत नाही. त्यामुळे कोणी सांगितले आणि कितपत खात्रीने सांगितले, हे वेगळे ठेवणे त्याला भागच पडते. कारण वेगळे असेल, पण शिस्त तीच आहे जी आपण पीएच.डी.च्या विद्यार्थ्याकडून मागतो. आणि ती परदेशातून आणायची गरज नाही, एवढे मला ठामपणे म्हणायचे आहे.

आता एक तळटीप जवळून पाहू. समजा एखाद्या प्रबंधात वाक्य आहे, की अकोला जिल्ह्यात कापसाखाली अमुक इतकी जमीन होती. खाली तळटीप : 'अकोला गॅझेटियर'. एवढेच. आता वाचणाऱ्याने कोणते पुस्तक काढायचे? आल्फ्रेड लायल यांनी संपादित केलेले सबंध वऱ्हाडाचे गॅझेटियर १८७० चे आहे. सी. ब्राऊन यांचे अकोला जिल्ह्याचे १९१० चे आहे. महाराष्ट्र शासनाने काढलेले अकोल्याचे १९७७ चे आहे. तिन्हींत 'अकोला' आहे, पण १८७० च्या अकोल्याची हद्द नंतरच्या दोन अकोल्यांहून वेगळी आहे. १९०५ साली वऱ्हाडातल्या जिल्ह्यांची फेररचना झाली. वाशीम जिल्हा मोडला, त्यातले वाशीम आणि मंगरूळ अकोल्याला आले, पुसद यवतमाळला गेले. एलिचपूर जिल्हा अमरावतीत मिसळला. आणि खामगाव, जे कापसाच्या बाजारासाठी नावाजलेले होते, ते अकोल्यातून निघून बुलढाण्यात गेले. पुढे १ जुलै १९९८ ला वाशीम पुन्हा वेगळा जिल्हा झाला.

म्हणजे १९०५ च्या आधीच्या अकोल्याचा कापूस खामगावासह मोजलेला आणि नंतरचा खामगावाविना. या दोन आकड्यांची तुलना करून 'कापसाचे क्षेत्र घटले' असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष शेतीबद्दल काही सांगत नाही. कलेक्टर कचेरीच्या नकाशाबद्दल सांगतो. तळटिपेत वर्ष आणि पान असते तर परीक्षकाने, किंवा स्वतः विद्यार्थ्याने, ही चूक दोन मिनिटांत पकडली असती. अमरावतीचेही तेच : फिट्झगेराल्ड आणि नेल्सन यांचे १९११ चे आणि शासनाचे १९६८ चे, नुसते 'अमरावती गॅझेटियर' म्हटले तर कोणते घ्यायचे? संदर्भाचे वर्ष ही सजावट असते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे उदाहरण करून पाहावे.

जमिनीच्या कागदांतही हेच आहे. सातबाऱ्यावर कोणाचे नाव कसे लागले ते पाहायचे असेल तर नावाजवळचा फेरफार क्रमांक पाहतात आणि त्या क्रमांकाने फेरफाराची नोंद काढतात. खरेदी झाली, वारस लागला, की वाटणी झाली, ते तिथे कळते. फेरफार नसलेल्या नावावर गावातले कोणीही भरवसा ठेवत नाही. ज्या घरांतली मुले आज पीएच.डी. करतात, त्या घरांतल्या मोठ्या माणसांना ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. तळटीप हा विधानाचा फेरफार क्रमांक आहे, असे पहिल्याच दिवशी कोर्सवर्कमध्ये सांगितले, तर विद्यार्थ्याला ती परकी वाटणार नाही.

वऱ्हाडाच्या दप्तरांची गोष्ट तर आणखी गुंतागुंतीची. १८५३ च्या तहाने हा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात आला, पण कागदोपत्री निजामाचाच राहिला. कारभार हैदराबादच्या रेसिडेंटमार्फत. १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला आणि कारभार नागपूरला गेला. १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्य आणि १९६० मध्ये महाराष्ट्र. त्यामुळे एकाच तालुक्याचे कागद हैदराबादला, नागपूरला, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आणि लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत सापडू शकतात. निजामी कागदांवर फसली सन असतो, पोथ्यांवर शके. दप्तर कुठले, खाते कोणते, साल कोणते, फाइल क्रमांक काय, हे चार तपशील न देता 'जुन्या सरकारी कागदपत्रांवरून' एवढे लिहिले, तर पुढच्या संशोधकाला पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागते. कागदावर फसली सन असेल तर तोच आधी द्यावा आणि इसवी सन त्याच्या शेजारी लिहावा. रूपांतरात चूक झाली असेल तर मूळ आकडा समोर असल्याने ती दुरुस्त होऊ शकते.

मांडणीच्या पद्धतींबद्दल थोडे. कंसात लेखक आणि वर्ष देण्याची जी पद्धत आज हार्वर्ड म्हणून ओळखली जाते, तिचा उगम एडवर्ड मार्क या प्राणिशास्त्रज्ञाच्या १८८१ च्या निबंधात सांगितला जातो. शिकागो विद्यापीठात प्रबंधांची तपासणी करणाऱ्या केट तुराबियन या सचिवांनी विद्यार्थ्यांसाठी १९३७ साली एक छोटी पुस्तिका केली, ती आजही सुधारून छापली जाते. एपीए, म्हणजे अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन, यांच्या नियमपुस्तिकेची सातवी आवृत्ती २०१९ ची. यातली कोणतीही वापरा, पण शेवटपर्यंत एकच वापरा, यापलीकडे या वादात मला रस नाही. मला त्रास होतो तो या पद्धती मराठीवर डोळे मिटून लादल्या जातात तेव्हा. आडनाव आधी, मग नाव, हा नियम लावून ग्रामगीतेची नोंद 'महाराज, तुकडोजी' अशी झालेली दिसते, म्हणजे 'महाराज' हे आडनाव झाले. म्हाइंभटांना आडनाव नाही, ज्ञानेश्वरांना नाही. विभावरी शिरूरकर, बाळूताई खरे आणि मालतीबाई बेडेकर ही एकाच लेखिकेची तीन नावे. सूचीत एका ठिकाणी दुसऱ्या नावाकडे बोट दाखवले नाही तर वाचक तिघी समजेल. ग्रामगीतेचे एकेचाळीस अध्याय आहेत आणि आवृत्त्या किती निघाल्या असतील कोण जाणे. तिथे पानाचा आकडा देण्यात काय अर्थ? अध्याय आणि ओवी द्यावी, कोणत्याही आवृत्तीत सापडेल. कीर्तनकार, वारकरी हे शतकानुशतके असेच सांगत आले आहेत. सूचीत क्ष आणि ज्ञ कुठे बसवायचे, तळटिपेत 'तत्रैव' (तिथेच) आणि 'उनि' (वर निर्देशिलेले) कधी वापरायचे, यावरही कोणीतरी एकदा नीट निर्णय द्यायला हवा. आज दोन मार्गदर्शक दोन गोष्टी सांगतात आणि मधल्या मधे विद्यार्थ्याची फरफट होते.

यापेक्षा कितीतरी मोठा प्रश्न तोंडी साक्षीचा आहे. अमरावतीचे विद्यापीठ १ मे १९८३ ला स्थापन झाले आणि पुढे त्याला संत गाडगेबाबांचे नाव दिले गेले. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावात जन्मलेल्या या माणसाने आपला विचार ग्रंथात लिहून ठेवला नाही; कीर्तनात सांगितला. बाबा काय म्हणाले ते आपल्याला कळते ते ऐकणाऱ्यांकडून. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबा हयात असतानाच, १९५२ साली, त्यांचे चरित्र लिहिले. गो. नी. दांडेकरांनीही लिहिले. प्रबंधात 'गाडगेबाबा म्हणतात' असे लिहून पुढे अवतरण देणे पुरेसे नाही. कोणाच्या नोंदीप्रमाणे म्हणतात, ते आले पाहिजे. दोन चरित्रकारांनी एकच गोष्ट वेगळ्या शब्दांत दिली असेल तर दोन्ही रूपे द्यावीत. रिद्धपूरच्या पोथ्यांत हेच केलेले आहे.

मेळघाटात कोरकू भाषेवर, आजीबाईंच्या औषधांवर, जात्यावरच्या ओव्यांवर काम करणारे विद्यार्थी आहेत. त्यांच्या प्रबंधात ग्रंथांची सूची पाच-सहा पानांची असते आणि ज्यांनी सगळे सांगितले ती माणसे 'मुलाखतींतून मिळालेली माहिती' या तीन शब्दांत संपतात. एपीएसारखी पद्धत त्यांना जागा देत नाही. खासगी संवाद मजकुरात उल्लेखायचा, संदर्भसूचीत घ्यायचा नाही, असा तिचा नियम आहे. कारण तो वाचकाला पुन्हा मिळवता येत नाही. त्या नियमामागचे कारण मला समजते. पण मग तो मिळवता येईल असे करा. ध्वनिमुद्रण करा, ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात क्रमांक लावून ठेवा, आणि सूचीत सांगणाऱ्याचे नाव, गाव, भाषा, तारीख आणि ध्वनिमुद्रणाचा क्रमांक द्या. शंभर ओव्या पाठ असलेल्या बाईचे नाव, तिच्या ओव्यांवर ज्याने एक लेख लिहिला त्याच्या नावाखाली दडपले जाऊ नये. हा मला न्यायाचा प्रश्न वाटतो.

नाव द्यायचे नाही अशीही वेळ येते, आणि वऱ्हाडात ती वारंवार येते. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घरी जाऊन विधवेशी बोलणाऱ्या संशोधकाने तिचे नाव, गाव, सावकाराचे नाव छापले, तर तिला त्या गावात राहणे कठीण होईल. तिथे संकेतक्रमांक वापरावा, तालुक्यापर्यंतच ठिकाण द्यावे, आणि खरी यादी मार्गदर्शकाकडे बंद ठेवावी. लपवले आहे हे मात्र उघड सांगावे, आणि का लपवले तेही. साक्षीदाराचे रक्षण करणे आणि साक्षीदारच नसणे, यातला फरक वाचकाला कळला पाहिजे. गावात कोणी काही बातमी आणली, की पहिला प्रश्न येतो : "कोनं सांगतलं तुले?" सांगणाऱ्याला याचे उत्तर द्यावेच लागते, निदान 'नाव नको इचारू, पण सोता पाह्यलेल्यानं सांगतलं' एवढे तरी. प्रबंधाकडून त्याहून कमी अपेक्षा का ठेवायची?

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो आणि तो हलका नाही. पहिल्या पिढीतला विद्यार्थी, दिवसा तासिका तत्त्वावर शिकवतो, घरची शेती आहे, टायपिंगचे पैसे जमवायचे आहेत. मार्गदर्शकाकडे नियमाप्रमाणे आठपर्यंत विद्यार्थी असू शकतात. अशा मुलाने विचार मांडावा, की टिपांतले पूर्णविराम मोजावेत? माझे उत्तर असे, की पूर्णविराम मोजू नयेत, पण पान क्रमांक टिपलाच पाहिजे. आणि तो शेवटच्या महिन्यात नाही, पुस्तक हातात असतानाच. शेवटी संदर्भ गोळा करायला बसले की दुसऱ्याच्या प्रबंधातली सूची उचलली जाते आणि तिच्यातल्या चुकांसकट पुढे जाते. मूळ पुस्तक न पाहताच त्याचा संदर्भ दिला जातो. ज्याच्यामागे घराण्याचे नाव नाही, मोठ्या शहरातली संस्था नाही, त्याचे म्हणणे लोकांनी का मानावे? पुरावा पाहून. त्याच्याकडे तेवढेच असते, आणि ते कोणी काढून घेऊ शकत नाही.

याचे दाखले आपल्याकडेच आहेत. अमरावतीत शाळा शिकलेले श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात गेले. जातिसंस्थेच्या इतिहासावरचे त्यांचे पुस्तक १९०९ मध्ये निघाले. त्याच्या उपशीर्षकातच त्यांनी लिहून टाकले, की पुरावा मनुस्मृतीचा आहे आणि काळ इसवी सनाच्या तिसऱ्या शतकाचा. म्हणजे मी कशावरून बोलतो आणि कुठवर बोलतो, हे मुखपृष्ठावरच. पापळ गावच्या शेतकरी घरातून गेलेल्या पंजाबराव देशमुखांनी वैदिक वाङ्मयातल्या धर्माचा उगम आणि विकास यावर लिहिले, ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने १९३३ साली छापले. वेदांवर बोलण्याचा अधिकार जन्माने मिळतो असे मानणाऱ्या काळात एका कुणब्याच्या मुलाने ग्रंथांच्या आधाराने तो मिळवला. त्यांच्याच नावाचे कृषी विद्यापीठ अकोल्यात १९६९ पासून आहे. तिथले प्रबंध आज कृषिकोश या ऑनलाइन भांडारात जगाला खुले आहेत.

अलीकडे एक नवे संकट आले आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चॅटबॉटला संदर्भ मागितले, की तो छान सजवलेली सूची देतो. लेखकाचे नाव खरे, नियतकालिक खरे, वर्ष पटण्यासारखे, आणि लेख अस्तित्वातच नाही. २०२३ साली न्यूयॉर्कमध्ये वकिलांनी अशा न घडलेल्या खटल्यांचे दाखले न्यायालयात दिले आणि त्यांना पाच हजार डॉलरचा दंड झाला. अशा सूचीत स्वल्पविराम अचूक असतात. साम्याची टक्केवारीही शून्य येते, कारण जे कुठेच नाही त्याच्याशी काही जुळत नाही. मांडणी आणि टक्के या दोनच कसोट्या लावणारी व्यवस्था इथे पूर्णपणे आंधळी ठरते. तिसरी कसोटी, स्रोत उघडून पाहण्याची, आता टाळता येणार नाही.

ती लावायला फार पैसा लागत नाही. रिद्धपूरला आता मराठी भाषा विद्यापीठ आहे. मराठी प्रबंधांसाठी संदर्भांची एक पुस्तिका तयार करायला त्याहून योग्य जागा महाराष्ट्रात नाही. पोथी, गॅझेटियर, फसली सनाचा कागद, ओवीबद्ध ग्रंथ, कीर्तन, मुलाखत आणि ध्वनिमुद्रण यांच्या नोंदी कशा करायच्या, हे प्रत्येकी एका खऱ्या उदाहरणाने तीत दाखवावे, आणि पाठभेदाचे उदाहरण 'लीळाचरित्रा'तूनच घ्यावे. अमरावतीच्या आणि अकोल्याच्या विद्यापीठांनी तिची दखल घेऊन ती कोर्सवर्कमध्ये शिकवावी. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे विद्यार्थ्याला दर सत्रात सल्लागार समितीसमोर प्रगती सांगावी लागते. त्या बैठकीत समितीने त्याच्या सूचीतले कोणतेही पाच संदर्भ निवडावेत आणि त्या पानांच्या छायाप्रती समोर ठेवायला सांगाव्यात. ज्याने पुस्तक पाहिले आहे त्याला ते एका दुपारचे काम आहे. ज्याने पाहिले नाही त्याला ग्रंथालयात जावे लागेल, आणि प्रबंध लिहून होण्याआधी जावे लागेल.